एकाच सकाळी दोन लॅबमध्ये रक्त दिलं, तरी एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) एकीकडे १०० आणि दुसरीकडे १२४ कसं?

तुमच्या वडिलांचे बाकीचे आकडे दोन्हीकडे जवळपास सारखेच आहेत: एकूण कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ३६०. मग चूक कोणत्या लॅबची, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काम केलंय. मला यात कोणाचीच चूक दिसत नाही.

पहिल्या लॅबने एलडीएल मोजलेलंच नाही. २१० मधून ३८ वजा करा, मग ३६० भागिले ५ म्हणजे ७२ वजा करा. बरोबर १०० उरतात. रिपोर्टवर कुठेतरी ‘कॅल्क्युलेटेड’ लिहिलेलं असेल, बघा.

एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण. ते खरोखर वेगळे काढायचे तर अल्ट्रासेंट्रिफ्यूज, म्हणजे नमुना प्रचंड वेगाने फिरवणारं यंत्र लागतं. १९४९-५० च्या सुमारास बर्कलेमध्ये जॉन गॉफमन आणि त्यांचे सहकारी यावरच झगडत होते. सिरम, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, फिरवलं की एलडीएल अल्ब्युमिन या प्रथिनात मिसळल्यासारखं दिसायचं. त्यांनी मीठ घालून द्रवाचीच घनता वाढवली. एलडीएलची घनता १.०१९ ते १.०६३. भोवतालचा द्रव त्याहून जड झाला की इतर प्रथिनं तळाकडे जातात आणि हे कण सायीसारखे वर येतात. इतकी साधी युक्ती, पण तिच्यामुळे हे कण वेगळे दिसू लागले आणि त्यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध तपासता आला. मला ती आजही फार सुंदर वाटते.

पण असं यंत्र तासन्‌तास फिरवणं रोजच्या लॅबला कुठून परवडणार? म्हणून १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिक्सन यांनी वरचं वजाबाकीचं सूत्र दिलं. व्हीएलडीएलमधलं (ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या कणांमधलं) कोलेस्टेरॉल ट्रायग्लिसराइडच्या पाचव्या हिश्शाइतकं असतं, हे त्यात गृहीत धरलंय. ट्रायग्लिसराइड चढलं की हे गणित बिघडतं: व्हीएलडीएल जास्त धरलं जातं आणि एलडीएल खोटंच कमी दिसतं. ४०० च्या वर हे सूत्र वापरायचंच नाही, आणि तुमचे वडील ३६० वर आहेत.

दुसऱ्या लॅबने बहुधा ‘डायरेक्ट’ पद्धत वापरली असावी. तीत रसायनांनी इतर कण बाजूला ठेवून एलडीएलमधलंच कोलेस्टेरॉल मोजतात. तीही बिनचूक नाही; ट्रायग्लिसराइड जास्त असलं की वेगवेगळ्या किटचे आकडे आपसात जुळत नाहीत.

म्हणून या रिपोर्टमध्ये मी आधी २१० वजा ३८, म्हणजे १७२ पाहीन. हे नॉन-एचडीएल, म्हणजे एचडीएल सोडून बाकीचं सगळं कोलेस्टेरॉल. यात पाचव्या हिश्शाचा अंदाज नाही आणि उपाशीपोटाची अटही नाही. शक्य असेल तर अॅपो-बी या प्रथिनाची तपासणी करून घ्या. एलडीएल, व्हीएलडीएल अशा प्रत्येक कणावर अॅपो-बीचा एकच रेणू असतो, त्यामुळे ती जवळजवळ कणांची मोजणीच होते.

१०० पाहून वडिलांची कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट दाखवा आणि ट्रायग्लिसराइड ३६० का आहे, हे आवर्जून विचारा. साखर आणि थायरॉइड तपासलंय का, तेही. पुढची तपासणी मात्र एकाच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करा.