वाचकांचे प्रश्न : लंबकाचे रीडिंग चुकते कुठे?

प्रश्न : लंबकाच्या प्रॅक्टिकलला लांबी 100 सेंमी घेतली. 20 दोलनांना 38.1 सेकंद लागले, म्हणून g (गुरुत्वाकर्षणामुळे येणारे त्वरण, मीटर प्रति सेकंद वर्ग) आला 10.88. तीनदा केले, जवळपास तेवढाच. मैत्रिणी म्हणतात, वेळ 40 लिही आणि जर्नल पूर्ण कर. काय करू?
– अकरावीची विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : आकडा अजिबात बदलू नकोस, चूक त्याच आकड्यात सापडते. 38.1 ला 20 ऐवजी 19 ने भागून बघ. दोलनकाल (एका दोलनाचा वेळ) 2.005 सेकंद, g 9.82. म्हणजे स्टॉपवॉच दाबतानाच तू ‘एक’ म्हणत असणार. तेव्हा एकही दोलन झालेले नसते. ‘शून्य’ म्हणून बटण दाब. गोळा त्याच जागी, त्याच दिशेने जाताना परत दिसला की ‘एक’.

ही जागा टोकाची नको. तिथे गोळा रेंगाळतो आणि नेमका कधी वळला ते डोळ्याला कळत नाही. मधून तो सर्वांत वेगाने जातो, म्हणून दोऱ्यामागे खडूची उभी रेघ ओढ आणि दोरा रेघेवरून डावीकडून उजवीकडे जाताना मोज.

लांबी दोरा अडकवलेल्या बुचाच्या खालच्या कडेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची. नुसता दोरा मोजला आणि गोळ्याची 1 सेंमी त्रिज्या राहून गेली, तर g टक्काभर कमी येतो. गोळा 10 सेंमीपेक्षा जास्त ओढू नकोस. 30 अंशांपर्यंत नेलास तर दोलनकाल 1.7 टक्के वाढतो आणि g तीन टक्क्यांहून जास्त घसरतो. पंखा बंद ठेव.

वेळ असेल तर 60, 80, 100, 120 सेंमीवर रीडिंग घेऊन लांबी आणि दोलनकालाचा वर्ग यांचा आलेख काढच. त्याच्या चढावरून g काढला की राहून गेलेली त्रिज्या आपोआप गळून पडते.

प्रश्न : मुलाच्या पुस्तकांत g कुठे 9.8, कुठे 9.81, कुठे 10. आपल्याकडे खरा किती?
– एक पालक, हिंगोली

उत्तर : मराठवाड्यात साधारण 9.78. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्ताशी फुगलेली आहे, त्यामुळे आपल्याकडे तो थोडा कमी भरतो, 9.81 हा 45 अक्षांशाच्या आसपासचा आकडा. शाळेच्या लंबकावर हा फरक दिसणार नाही. 20 दोलनांत तो जेमतेम 0.06 सेकंदाचा, आणि बटण दाबताना अंगठ्याला त्याहून जास्त उशीर होतो. गणितात 9.8 घ्या, 10 तोंडी हिशेबापुरता.