ताग-धैंचा गाडला तर टोमॅटो-कांद्याला वरचं खत लागणार नाही का?

तुम्ही विचारलंय की गंगापूर तालुक्यात दीड एकर मध्यम काळी जमीन आहे, शेणखत परवडत नाही, तर पावसाळ्यात ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं करून मातीत गाडली तर त्यावर टोमॅटो आणि रांगडा (खरीप आणि रब्बीच्या मधल्या हंगामाचा) कांदा निघेल का.

निघेल, पण खताची सगळी गरज त्यात भागणार नाही. आधी हिशेब पाहा. चांगल्या आलेल्या तागाचा ओला पाला एकरी सहा टनांच्या आसपास भरतो. त्यात नत्र (नायट्रोजन) साधारण ०.४ ते ०.५ टक्के, म्हणजे २४ ते ३० किलो. गाडल्यावर त्यातलं निम्मंच पहिल्या पिकाच्या हाती लागतं असं धरा, म्हणजे १२ ते १५ किलो. कांद्याची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, एकरी ४०. म्हणजे कांद्याची तिसऱ्या हिश्शाची गरज भागली. संकरित टोमॅटोला एकरी १२० किलोच्या घरात नत्र लागतं, तिथे हा वाटा फारच थोडा. शिवाय स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) हिरवळीचं पीक हवेतून आणत नाही, जमिनीत होतं तेच वर आणतं. ते वेगळं द्यावंच लागेल. तरीही मी करा असंच म्हणेन, कारण काळ्या जमिनीला भुसभुशीतपणा आणि ओल धरून ठेवायची ताकद हाच यातला मोठा फायदा आहे.

तुमचा अंदाज चुकू नये म्हणून गाडायच्या दिवशी एक मीटर लांब-रुंद चौकट करून त्यातलं पीक कापा आणि तोला. दीड किलो भरलं तर एकरी सहा टन. अशा तीन-चार ठिकाणच्या वजनाची सरासरी घ्या.

ताग की धैंचा? निचरा होणाऱ्या जमिनीत ताग. पाणी साचलं की तो पिवळा पडून बसतो. चोपण (क्षारांमुळे घट्ट झालेला) किंवा चिबड (पाणी साचणारा) तुकडा असेल तर तिथे धैंचाच. आणखी एक गोष्ट ठरवायला मदत करते. मागच्या टोमॅटो-वांग्याच्या मुळांवर सूत्रकृमीच्या (मुळांत राहणारी बारीक कृमी) गाठी होत्या का? असतील तर धैंचा आणि चवळी टाळा, त्यांच्या मुळांवरही ही सूत्रकृमी पोसते. ताग तिला दाबतो.

पेरणी जूनमध्ये, पाऊस पुरेसा होऊन वाफसा (ना चिखल ना कोरडी, मशागतीजोगी ओल) आला की. ताग एकरी २० ते २५ किलो, धैंचा १५ ते २०. बियाणं मुद्दाम दाट ठेवा. विरळ पेरलं की खोड जाड आणि निबर होतं. पेरताना एक गोणी सिंगल सुपर फॉस्फेट द्या. मुळांवरच्या गाठींना स्फुरद लागतं आणि ते पीक गाडल्यावर पुढच्या पिकाला परत मिळतं. त्या पिकाच्याच रायझोबियमची (मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) बियाण्याला किलोला २५ ग्रॅम याप्रमाणे प्रक्रिया करून सावलीत सुकवा. महिन्याने दोन-चार रोपं मातीसकट उपटून गाठ फोडून बघा. आत गुलाबी असेल तर ती नत्र धरते आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती गाडण्याच्या वेळेत. ४५ ते ५० दिवसांनी पहिली फुलं दिसली की त्याच आठवड्यात गाडा. पाऊस लागला म्हणून किंवा ट्रॅक्टर मिळेना म्हणून पंधरा दिवस गेले की खोडात धागा भरतो. असं निबर पीक गाडलं की कुजवणारे जिवाणू स्वतःसाठी जमिनीतलंच नत्र ओढतात आणि लावलेली रोपं दोन आठवड्यांत पिवळी पडतात. उशीर झालाच तर गाडताना एकरी १० किलो युरिया टाका आणि लागवड पुढे ढकला.

उंच तागात थेट रोटाव्हेटर घातला की धागा पात्यांना गुंडाळतो. आधी फळी फिरवून पीक आडवं करा किंवा कापून घ्या, मग १५ सेंटीमीटरपर्यंत मातीत मिसळा. पण वाफशावरच. चिखलात ट्रॅक्टर घातला तर जमीन दाबली जाऊन तागाच्या फायद्यापेक्षा नुकसानच जास्त होतं.

गाडल्यावर तीन ते चार आठवडे थांबा. ऑगस्टमध्ये उघडीप पडली तर कुजणं तिथेच थांबतं, तेव्हा एक हलकं पाणी द्या. मातीत हिरवी-चिवट खोडं हाताला लागत असतील तर लावू नका. अर्धवट कुजलेल्या पाल्यावर बुरशी वाढते आणि टोमॅटोची रोपं बुडाशी मरतात. मेथी-कोथिंबिरीसारखं थेट बी टाकायचं असेल तर आणखी आठवडाभर थांबा.

म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरलेला ताग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मातीत आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला एका तुकड्यात टोमॅटो, त्यानंतर दुसऱ्या तुकड्यात रांगडा कांदा, असं बसतं. सप्टेंबरात ताग पेरून डिसेंबरच्या कांद्याला वापरू, असा विचार मात्र नको. दिवस लहान होऊ लागले की ताग बुटका असतानाच फुलतो, पाला भरत नाही.

पावसाळ्यातलं सोयाबीन सोडून सगळं दीड एकर तागात गुंतवायला मन धजत नसेल तर अर्धा एकर घ्या आणि उरलेल्या बांधांवर पावसाळ्याच्या तोंडाला ग्लिरिसिडियाची (पाल्याचं खत होणारं झाड) मनगटाएवढी फाटी लावा. रुजल्यावर वर्षाला दोन-तीनदा छाटता येतो. कोवळा पाला सरींमध्ये टाकून मातीने झाकत जा.