नाकाबंदी तोडून पळणाऱ्या गाडीवर पोलीस सरळ गोळी का झाडत नाहीत? अधिकार नसतो का?

पोलिसांच्या मोबाइल व्हॅनवर (गस्तीची गाडी) ड्रायव्हर म्हणून अकरा वर्षं काढलीत म्हणून लिहितोय. "टायर फोडायचा, विषय संपला" असं लिहिणाऱ्यांनी चालत्या जीपमध्ये बसून नुसता फोनवर नंबर तरी लावून बघावा.

आमच्यासोबत झालेलं सांगतो. पहाटे साडेचारची वेळ, एक पांढरी कार बॅरिकेड उडवून गेली, आम्ही मागे. शेजारी साहेब, त्यांच्या मागच्या सीटवर शिपाई कार्बाइन घेऊन. काटा नव्वदच्या पुढे आणि रस्ता भर वस्तीतला. साहेब ओरडले, "टायरवर मार!" त्याने नळी खिडकीबाहेर काढली आणि तेवढ्यात स्पीडब्रेकर, जीप उडाली, पोराचं डोकं टपाला आपटलं आणि नळी एकदा आभाळाकडे, एकदा साहेबांच्याच आरशाकडे. पुढे डाव्या हाताला दुधाचा टेम्पो उभा, दोघं जण क्रेट उतरवत होते. मी काही न बोलता अॅक्सिलेटरवरचा पाय काढला. कार गेली.

सकाळी माझी कसुरी (ड्युटीत चूक केल्याचा लेखी रिपोर्ट) निघाली, "जाणूनबुजून वेग कमी केला". ते खरंच होतं म्हणा. आठवड्याने कार बेवारस सापडली, चोरीची निघाली, साहेबांना आयतंच कोलीत मिळालं. रिटायर झाले तरी कुठल्या लग्नात भेटले की चारचौघांत चालू, "हा बघा, चोराला वाट देणारा."

अहो पण चोरीची आहे हे त्या रात्री कोणाला माहीत होतं? आणि असली तरी तेव्हा चोरीच्या आयपीसी 379 कलमाला जास्तीत जास्त तीन वर्षं कैद. सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) 46 मध्ये स्पष्ट होतं की ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याला पकडताना जीव घ्यायचा अधिकार हे कलम देत नाही. जुलै 2024 पासून त्याच्या जागी नव्या कायद्याचं, बीएनएसएसचं कलम 43 आलं, त्यातही तेच आहे. 2018 ला लखनौमध्ये गाडी थांबवली नाही म्हणून शिपायाने गोळी झाडली, एक साधा नोकरदार माणूस गेला आणि शिपायावर खुनाचा गुन्हा लागला. आमच्याकडे तसं झालं असतं तर साहेबांना तो तोंडी हुकूम आठवला असता का?

साहेबांचं ठरलेलं उत्तर म्हणजे 26/11, गिरगाव चौपाटी. ते उदाहरण इथे लावूच नका. अतिरेक्यांच्या त्या स्कोडाची खबर वायरलेसवर आलेली होती, आतले दोघं माणसं मारून आले होते, आणि पोलीस तुकाराम ओंबळेंनी तर गोळीसुद्धा झाडली नाही, एके-47 ची नळी हाताने धरून ठेवली.

आणि टायरवर नेम बसलाच तरी गाडी जागच्या जागी थांबत नाही, वस्तीत कुठे घुसेल सांगता येत नाही. नंबर घ्या, कंट्रोलला द्या, पुढची नाकाबंदी लावायला सांगा. त्यातूनही निसटतात, मान्य.

हां, एक राहिलं, कोणी अंगावरच गाडी घालत असेल तर स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसालाही आहे, तो मुद्दा वेगळा. आमची कार पुढे पळत होती.

साहेब, हे वाचत असाल तर एवढंच सांगा, कसुरीत दुधाचा टेम्पो का नाही लिहिलात?