आधी तळ, मग ब्रेक, इंजिन शेवटी

प्रश्न : नमस्कार काका. आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला बाबांची १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. २०१४ साली बाबा गेले, तेव्हापासून ती जागची हललेली नाही. वर कव्हर आहे, अधूनमधून धूळ झटकते, एवढंच. आता सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे आणि कंपाउंड रिकामं करायची नोटीस लागली आहे. भंगारवाला उचलायला तयार आहे. गल्लीतले एक मेकॅनिक म्हणतात, ‘नवी बॅटरी लावतो, थोडं पेट्रोल ओततो, अर्ध्या तासात चालू करून दाखवतो. झाली चालू तर ठेवा, नाहीतर देऊन टाका.’ गाडी ठेवायची मला फार इच्छा आहे. त्यांना चालू करू देऊ का?
– एक वाचिका, गोरेगाव

उत्तर : ताई, अजिबात नको. बॅटरी लावूच देऊ नका. त्या मेकॅनिकच्या मनात वाईट काही नसेल, पण गाडी ठेवायची की नाही हे इंजिनावरून ठरवायचं नसतं. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन चिवट आहे. बिघडलं तर उघडता येतं, बोअर करता येतं, दुसरं मिळतंसुद्धा. गाडी ठेवायची की नाही, ते तिच्या तळाला विचारा.

या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नसते. फियाटने १९५३ साली इटलीत ११०० चं जे नवं मॉडेल काढलं, त्यात बॉडी आणि चासी एकच होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी त्याच घराण्यातली. म्हणजे फ्लोअरचा पत्रा आणि दाराखालचे सिल हाच तिचा सांगाडा. तो कुजला असेल तर वरचा रंग कितीही चकचकीत असो, उपयोग नाही. आणि मुंबईत कव्हर घातलेली गाडी हमखास खालून कुजते. वरचं पाणी कव्हर अडवतं, पण जमिनीची ओल वर चढते आणि आतच कोंडते. त्यात आपली खारी हवा.

म्हणून पहिलं काम तुम्ही स्वतः करा. रबरी मॅट आणि त्याखालचा नमदा उचला, मागची सीट काढा, टॉर्च आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हरच्या पायाखाली, मागच्या सीटच्या खाली, सिलला बाहेरून आणि खालून, जॅक लावतात तिथे, आणि मागचे पाटे जिथे बॉडीला अडकवलेले असतात त्या हँगरभोवती स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोर देऊन टोचा. चांगला पत्रा टणक लागतो. कुजलेल्या पत्र्यात टोक सहज घुसतं आणि तांबडा भुगा गळतो. गाडीखाली मात्र नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही शिरू नये. पत्रा कुजका असेल तर जॅकच आत घुसतो आणि गाडी अंगावर येते. घोड्या (गाडीला खालून आधार देणारे लोखंडी स्टँड) लावून आणि चाकांना दगड लावूनच खाली जायचं.

फ्लोअरला दोन-चार ठिकाणी भोकं असतील तर घाबरू नका. तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करणारे कारागीर मुंबईत अजून आहेत. दोन्ही सिल आणि हँगरची जागा गेली असेल, तर काम फार मोठं आणि इंजिनापेक्षा कितीतरी महाग. तेव्हा घरच्यांबरोबर बसून नीट विचार करा. आणि द्यायचीच ठरली तरी भंगारवाल्याला देऊ नका. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रातच द्या, तिथून मिळणारं ठेव प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी कागदावर बाबांच्या नावाने तशीच राहील.

तळ चांगला निघाला तर पुढे ब्रेक. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण लोक इथेच घाई करतात. इंजिन धडधडायला लागलं की सगळ्यांना आनंद होतो आणि कुणीतरी गिअर टाकतोच. मग कळतं की पेडल थेट जमिनीला टेकतंय.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. इतके पावसाळे उभ्या गाडीत ती ओल व्हील सिलिंडरच्या आत जाऊन बसते. पद्मिनीला चारी चाकांना ड्रम. ड्रम काढायला लावा, सिलिंडरचं रबरी बूट नखाने उचला आणि बघा. आतून कोरडं हवं. ओलं असेल, तपकिरी चिखल असेल, तर आतले रबरी कप गेलेत. मग पिस्टन बाहेर काढून सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर बोट फिरवा. नखाला खड्डे लागले तर तो सिलिंडर बदलायचाच. ‘नुसतं किट टाकतो, चालून जाईल’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. नवा रबर त्या खड्ड्यांवर घासून लवकरच फाटतो, आणि तो फाटतो नेमका जोरात ब्रेक मारल्यावर. जुन्या गाड्यांत ब्रेकची लाइन एकच. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारी चाकांचा ब्रेक गेला, उरतो फक्त हँडब्रेक. पश्चिम द्रुतगती मार्गाच्या उतारावर हँडब्रेकने गाडी थांबवायची वेळ कुणावर येऊ नये.

मास्टर सिलिंडर, चारी व्हील सिलिंडर, रबरी होज सगळे एकदम करून घ्या. होज बाहेरून धड दिसला तरी आतून फुगलेला असतो. ब्रेक लागतो आणि सुटतच नाही. लोखंडी पाइप क्लिपखाली हमखास गंजतो, तिथे क्लिप सोडवून बघायला सांगा. लायनर ड्रमला चिकटले असतील तर गाडी दोरीने ओढून सोडवू नका. अॅडजस्टर सैल करून, ड्रमवर कडेने हलके ठोके मारत सोडवतात.

टायरांवर वेळ घालवू नका, पाचही बदला. नक्षी शाबूत दिसेल, पण रबर म्हातारं झालंय. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१२ म्हणजे २०१२ चा तेविसावा आठवडा. टायर बदलताना ट्यूबही नव्या.

आता इंजिन. चार सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबलं तरी एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. सायलेन्सरच्या वाटेने दमट हवा त्यात शिरते आणि पिस्टनच्या रिंगा जिथे टेकल्या आहेत तिथे गंजाची कडी धरते. वरचं ऑइल तर केव्हाच खाली उतरलेलं असतं. अशात सेल्फ मारला तर रिंग तुटते किंवा बोअरला चरा पडतो, आणि चांगलं असलेलं इंजिन उघडायची पाळी येते. त्या अर्ध्या तासाला माझा विरोध आहे तो यासाठी.

चारी प्लग काढा. प्रत्येक भोकात इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून चमचा-दोन चमचे घाला, फडकं लावून बंद करा आणि आठवडाभर तसंच राहू द्या. रोज थोडं घातलं तरी चालेल. मग गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या नटला पाना लावून हाताने हळू फिरवा. अडलं तर जोर करू नका, उलट फिरवा, पुन्हा थोडं ऑइल घाला, थांबा. मोकळं फिरायला लागलं की जुनं ऑइल खाली काढा. ते दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, म्हणजे हेड उघडावं लागेल. काळं पण स्वच्छ असेल तर नवं ऑइल भरा, फिल्टर बदला.

बॅटरी जोडायच्या आधी वायरिंग इंचाइंचाने बघा. गोरेगावात कंपाउंडला उभी गाडी म्हणजे उंदीर आलेच. बॉनेटखाली आणि डॅशबोर्डच्या मागे कुरतडलेली एक वायर पत्र्याला टेकली तर आग लागते. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. आधी प्लग काढलेले असतानाच सेल्फ मारायचा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल पोचलं.

टाकीतलं पेट्रोल वापरायचंच नाही. त्याचा वास वार्निशसारखा झाला असेल. टाकी उतरवून आतून धुऊन घ्या, आणि गळत असली तरी न धुता तिला गॅस वेल्डिंगची ज्योत लावू देऊ नका; रिकाम्या टाकीतल्या वाफेने स्फोट होतो. कार्बोरेटर उघडून जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) साफ, फ्लोटची सुई नवी. पंपाचा डायफ्रॅम नवा. रेडिएटर, त्याचे होज, वॉटर पंप, फॅन बेल्ट हे सगळं ओघाने आलंच. सिग्नलला तापणारी गाडी मुंबईत नकोशी होते.

घाई आहे ती फक्त जागेची. नोटिशीची मुदत जवळ असेल तर गाडी फ्लॅटबेडवर चढवून गॅरेजला हलवा आणि काम सावकाश करा. पार्ट मिळतील. पद्मिनीच्या हजारो टॅक्सी या शहरात धावल्या, शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत होती. त्यामुळे ऑपेरा हाउस, कुर्ला, चोर बाजार इथे अजून माल निघतो, आणि टॅक्सीवर हात बसलेले मिस्त्रीही आहेत. आधी असा मिस्त्री शोधा. बाबांचं सर्व्हिसचं जुनं पुस्तक घरात असेल तर तेही काढून ठेवा. त्याला उपयोग होईल.

प्रश्न : आईच्या नावावर १९९८ ची मारुती ८०० आहे. आई दोन वर्षांपूर्वी गेली. गाडी बंद होती, आता दुरुस्त करून तयार आहे. पण पासिंग संपलेलं आहे. मुलुंडहून वडाळा आरटीओला चालवत नेली तर चालेल का? मुंबईतही दिल्लीसारखी जुन्या गाड्यांना बंदी आहे असं एकाने सांगितलं.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : चालवत नेऊ नका. नोंदणीची मुदत संपलेली, विमा नाही, अशा गाडीने भांडुपला कुणाला धक्का लागला तर सगळी भरपाई तुमच्या अंगावर येईल. फ्लॅटबेडचे पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

बंदीचं म्हणाल, तर दिल्लीत पेट्रोलला १५ आणि डिझेलला १० वर्षांची अट घातली गेली. मुंबईत तुमच्या खासगी पेट्रोल गाडीला तशी वयाची बंदी नाही. पहिली १५ वर्षं झाल्यावर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं, गाडी तपासणीत उतरली पाहिजे आणि पर्यावरण कर भरायचा.

आधी नाव. मालक वारले तर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ असतो. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती, आरसी पुस्तक लागेल. आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसत असेल तर थांबून तो आधी काढा. कर्ज केव्हाच फिटलं तरी नोंद तशीच राहिलेल्या गाड्या मी फार बघितल्या आहेत. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ दिल्याशिवाय पुढचं काही सरकत नाही. मग नूतनीकरणाचा फॉर्म २५. कारसाठी हे शुल्क २०२२ पासून ५,००० रुपये झालं आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० केलं. उशिराचा दंड महिन्याला ५०० रुपयांनी चढतो, म्हणून हे काम पुढे ढकलू नका. जुनी ई-चलनं असतील ती भरा. पुढे थर्ड पार्टी विमा, पीयूसी आणि नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती लावावीच लागते.

पीयूसीला जायच्या आधी गाडी चांगली गरम करून न्या. तुमच्या गाडीच्या काळातल्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत लागतो. एअर फिल्टर साफ, प्लग नवे आणि कार्बोरेटर नीट लावलेला असेल तर ८०० आरामात बसते. आरटीओतल्या तपासणीत दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक बघतात, तेही आदल्या दिवशी स्वतः तपासा.

प्रश्न : माझी जुनी फियाट सुरू करून थोडेच महिने झाले. पेट्रोलचा वास येतो, नवा टाकलेला होजही मऊ पडलाय. माल खराब की पेट्रोल?
– एक वाचक, परळ

उत्तर : पेट्रोलमधलं इथेनॉल. आता पंपावर २० टक्के मिसळलेलं मिळतं आणि साधं रबर त्यात फुगून मऊ होतं. गाडी आज चालवू नका, आधी होज बदला. दुकानात ‘इथेनॉलला चालणारा’ असं स्पष्ट मागून विटॉनचा होज घ्या, आणि पंपाचा डायफ्रॅम व कार्बोरेटरची पॅकिंगही त्याच प्रतीची. इथेनॉल ओल ओढतं, म्हणून टाकी अर्धी भरून महिनोन्‌महिने उभी करू नका; पाणी तळाला बसतं आणि टाकी आतून गंजते. गाडी ओढायला कमी पडत असेल, गरम होऊन अडखळत असेल, तर मिश्रण पातळ झालंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. मिस्त्रीकडून मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघा, आणि मग प्लगचा रंग तपासा. फिकट विटकरी आला तर बरोबर लागलं.