नाटकावरचं मत ठेवा, माणसावरचं वाक्य काढा

«सुदर्शन रंगमंचावर एका तरुण संघाचं नाटक पाहिलं. अजिबात आवडलं नाही. रात्री घरी येऊन फेसबुकवर लिहिलं, ‘दोन तास फुकट गेले. बापाच्या पैशावर हौस भागवणाऱ्यांकडून दुसरं काय मिळणार?’ दिग्दर्शक आमच्याच सोसायटीतला निघाला. त्याची आई आता जिन्यात भेटली तरी मान फिरवते. पोस्ट काढून टाकू का? की वाईटाला वाईट म्हणणं हाच गुन्हा?»
– एक प्रेक्षक, सहकारनगर

नमस्कार,

गुन्हा नाही. बदनामीच्या कलमातच (आधी भारतीय दंड संहितेचं ४९९, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६) लोकांपुढे ठेवलेल्या कलाकृतीवर प्रामाणिक मत मांडायला अपवाद ठेवलेला आहे. कलमाखालचा दाखला तर नेमका तुमच्याच पोस्टला लागू पडतो. पुस्तक मूर्खपणाचं आहे, म्हणजे लेखक दुबळा माणूस असावा, हे म्हणता येतं. कारण मत पुस्तकातून निघालं. लेखकच तसला, मग पुस्तक असंच असणार, हे अपवादात बसत नाही. तुमचं दुसरं वाक्य या दुसऱ्या जातीचं आहे. बापाचे पैसे काही रंगमंचावर दिसले नव्हते.

म्हणून अख्खी पोस्ट काढू नका. गुपचूप काढलीत, तर स्क्रीनशॉट फिरत राहतात आणि दबाव आला अशी कुजबुज सुरू होते. तेवढं एक वाक्य काढा आणि खाली लिहा: ‘दिग्दर्शकाच्या घराबद्दलचं वाक्य मी काढलं आहे. ते लिहायला नको होतं. नाटकाबद्दलचं मत तेच आहे.’ ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ हे शेपूट जोडू नका, त्यात चूक दुखावलेल्याच्याच माथी जाते. तुमच्या पोस्टखाली कुणी तोच बापाच्या पैशाचा धागा धरला असेल, तर त्या प्रतिक्रियाही काढा. भिंत तुमची आहे.

आता पहिलं वाक्य. ‘दोन तास फुकट गेले’ यातून तुमचा वैताग कळतो, नाटक कळत नाही. कुठे बिघडलं ते सांगा. समजा, पत्र वाचण्याच्या प्रसंगात पार्श्वसंगीत चढंच राहिलं आणि पाचव्या रांगेत शब्द पोचले नाहीत. एवढं लिहिलंत तर पुढच्या प्रयोगाला ते दुरुस्त होऊ शकतं. ‘अभिनय रटाळ’ म्हटलंत तर सगळेच नट ते आपल्यावर घेतात आणि कुणीच काही बदलत नाही. दोष कुणाचा हेही तपासा: नट अडखळतोय असं वाटतं, पण कधी वाक्यच बोलायला अवघड असतं, कधी तो थांबा दिग्दर्शकानं बसवलेला असतो. ठरवता येत नसेल, तर नाव न घेता प्रसंग सांगा.

प्रयोगाची तारीख जरूर लिहा. नाटक तिसऱ्या प्रयोगाला एक असतं, पंधराव्याला दुसरं. मध्यंतरात उठला असाल तर तेही लिहा. आणि नाटकाचा तो प्रकारच तुम्हाला रुचत नसेल, तर ते पहिल्या ओळीत येऊ द्या, म्हणजे वाचणारा तुमचं मत तोलून घेईल. शेवट फोडू नका. नटांना टॅग करू नका. ज्याला वाचायचं तो शोधून वाचेल. आणि त्याच रात्री नाही, सकाळी टाका.

तिकीट लावून नियमित प्रयोग करणाऱ्यांवर नाव घेऊन, कडक लिहा. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेतल्या मुलांबद्दल मात्र एकांकिकेवर लिहा, मुलामुलींची नावं गाळा. नाव शोधलं की ती एक ओळ पुढे कित्येक वर्षं वर येत राहते.

राहिल्या त्या काकू. व्हॉट्सअॅप नको, जिन्यातही नको. संध्याकाळी घरी जा, दारातच म्हणा, ‘तुमच्या घराबद्दल मी जे लिहिलं ते चुकलं, काढून टाकलंय.’ बरं वाटावं म्हणून नाटकाची खोटी तारीफ करू नका. त्यांनी विचारलंच, तर सांगा: ‘नाही आवडलं. त्याला ऐकायचं असेल तर का ते सांगेन.’