खरड छाटणीतली 'खरड' म्हणजे काय?

एप्रिलात निफाडकडे जाताना द्राक्षबागा बोडक्या दिसल्या, विचारल्यावर 'खरड झालीय' असं उत्तर मिळालं, तर हा रोग आहे का, असं तुम्ही विचारलंय. रोग नाही हो, छाटणी आहे. आमच्याही बागेत दरवर्षी होते.

शब्द सरळ 'खरडणे'वरून आलाय. पुरात जमीन खरडून जाते, तव्यावर मिरची खरडून खर्डा होतो, आणि साहेब आपली खरडपट्टी काढतात, तीच ही खरड. द्राक्षं निघाली की ओलांड्यावरच्या सगळ्या काड्या एकेक डोळा ठेवून कात्रीनं उडवायच्या. ओलांडा म्हणजे तारेवर आडवा नेलेला वेलीचा हात, आणि डोळा म्हणजे काडीवरची कळी, जिथून नवी फूट येते. संध्याकाळपर्यंत सरीत काड्यांचा ढीग पडतो आणि कापलेल्या टोकांतून पाणी ठिबकत राहतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, बाग मोडली.

युरोपात थंडीत वेल झोपते, त्यामुळे तिकडे एकदाच छाटतात. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून छाटण्या दोन आणि पीक एक. खरडीनंतर जी फूट येते तिच्यावर द्राक्षं धरायची नसतात, तिची नुसती काडी तयार करायची. पण पुढच्या वर्षीचा घड याच काडीच्या डोळ्यात, खरडीनंतर साधारण ४० ते ७० दिवसांत, आतल्या आत घडतो. तेव्हा ऊन हवं. मे-जूनमध्ये आभाळ धरून राहिलं की आमचे चेहरे पडतात, कारण त्याचा हिशेब ऑक्टोबरात कळतो. छाटायच्या आधी काड्या प्रयोगशाळेत देऊन डोळ्यात घड आहे का, हे तपासून घेणारेही पुष्कळ आहेत.

ऑक्टोबरची ती दुसरी छाटणी म्हणजे गोडी छाटणी. कुणी गोडबार म्हणतं, कृषी खात्याच्या भाषेत फळछाटणी. गोडी का, ते सांगायला नको, द्राक्षं तीच देते. मला स्वतःला 'फळछाटणी' हा शब्द अगदीच बेचव वाटतो.

दोन्हींनंतर बाग उघडीच दिसते, पण लांबूनही फरक कळतो. गोडीनंतर तारेवर काड्या शिल्लक असतात. खरडीनंतर ओलांड्यावर बोटाच्या पेराएवढे खुंट तेवढे उरतात.