एकदा नळी लागली की सुटत नाही?

"मॅडम, एकदा ऑक्सिजन लावला की माणूस त्याच्यावरच राहतो म्हणतात. मग माझ्या मायला कशाला लावता?"

लातूरकडच्या एका खेड्यातून आईला घेऊन आलेला मुलगा खुर्चीवर बसायच्या आधीच बोलला. छातीच्या दवाखान्यात समुपदेशनाला बसते, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. कोरोनात कितीतरी घरांनी आपलं माणूस शेवटचं पाहिलं ते नळी लावलेलंच. ती भीती मनातून सहज कशी जाईल?

मावशी ६२ वर्षांच्या. बिडीला कधी हात लावला नाही, पण ४० वर्षं तुराट्या-पळाट्यांच्या धुरात भाकरी थापली. निदान सीओपीडीचं, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि तेवढ्या वेळापुरता ऑक्सिजन.

मुलाचा दुसरा मुद्दा बिनतोड वाटत होता. "घरी बोटाला मशीन लावलं तर ९४ दाखवतं की!"

बसून रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्के असेलही. म्हणून मी दोघांना सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीला नेलं. मावशींनी पदर खोचला आणि व्हरांड्यात चालू लागल्या. मुलाची नजर मशीनवरून हलत नव्हती. ९२, ८९, ८६... चौथ्या मिनिटाला ८४. मावशी खांबाला धरून उभ्या राहिल्या, ओठ निळसर झाले होते. मुलगा काहीच बोलला नाही. अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर दोन लिटर ऑक्सिजनवर पुन्हा चालवलं, तेव्हा आकडा ९० च्या खाली गेला नाही.

मग त्यांना समजावलं. चालताना पायांचे स्नायू जास्त ऑक्सिजन मागतात, खराब झालेली फुप्फुसं तेवढा पुरवू शकत नाहीत. नळी तेवढी तूट भरून काढते. दारूतंबाखूसारखी तिची सवय लागत नाही. व्यायाम झाला की काढून ठेवायची. मात्र लिटरचा काटा आपल्या मनाने वाढवायचा नाही, काही रुग्णांच्या रक्तात त्याने कार्बन डायऑक्साइड साठतो. आणि नळी चालू असताना चूल, बिडी, देवघरातला दिवा लांबच हवा.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते, कारण ती खर्चाशी निगडित आहे. ऑस्ट्रेलियात अशाच, चालताना ऑक्सिजन उतरणाऱ्या रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. आठ आठवडे व्यायाम करताना काहींना ऑक्सिजन दिला, काहींना साधी हवा. चालण्याची ताकद दोन्हीकडे सारखीच वाढली. म्हणजे खरं औषध व्यायामच. ऑक्सिजन प्रत्येकालाच लागतो असं नाही, तो कुणाला द्यायचा ते चाचणी बघून डॉक्टर ठरवतात. सिलिंडर परवडत नाही म्हणून कुणी खाटेवर पडून राहू नये. किती चालायचं, कुठे थांबायचं हे विचारून घ्यावं. बसल्याजागीही ऑक्सिजन फार कमी असतो त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना दिवसाचे १५ तास किंवा त्याहून जास्त तो लागतो, तिथे चालढकल नको.

मावशी आठवड्यातून तीनदा येऊ लागल्या. ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडणं त्या माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात आता. दोन महिन्यांनी घरापासून मारुतीच्या पारापर्यंत एकदाच थांबून जातात.

गॅस घरात आहे, तरी भाकरी अजून चुलीवरच होते. "गॅसवरची गोड लागत नाही, बाई," म्हणतात. पुढच्या खेपेला सुनेलाही घेऊन या, असं मी मुलाला सांगितलंय.